ताज्या जखमा नाहीत

तो शिक्का माझ्या आधीच्या डॉक्टरांनी करून घेतला होता. चार्ज देताना त्यांनी कपाटाच्या किल्ल्या, पोलीस केसच्या नोंदींचं रजिस्टर आणि तो शिक्का असं सगळं एकदमच माझ्या टेबलावर ठेवलं. शिक्क्यावर दोन ओळी होत्या. ‘अंगावर ताज्या जखमा नाहीत. प्रकृती स्थिर.’ “फार वेळ वाचतो,” ते म्हणाले, आणि त्यांचं म्हणणं खरंच होतं. आता मी तो वापरत नाही, पण टाकूनही दिलेला नाही. खालच्या ड्रॉवरमध्ये थर्मामीटरच्या रिकाम्या डब्यांमागे पडलेला असतो.

मी नाशिकला राहते आणि महामार्गालगतच्या एका ग्रामीण रुग्णालयात नोकरी करते. सकाळी नऊला ओपीडी सुरू होते. तापाची मुलं, शुगरचे म्हातारे, हंगामात द्राक्षबागेत औषध मारताना चक्कर आलेले, कांद्याच्या टेम्पोवरून पडलेले. या गर्दीत मधूनच पोलीस कुणालातरी घेऊन येतात. अटक झालेल्या माणसाला डॉक्टरनं तपासायचं, अंगावर खुणा असतील तर त्या लिहून ठेवायच्या आणि अहवालाची एक प्रत त्याच्या हातात द्यायची, असा नियम आहे. आमच्याकडे याला नुसतं ‘मेडिकल’ म्हणतात. हा नियम कशासाठी आहे ते मला चांगलं ठाऊक होतं. परीक्षेत त्यावर प्रश्न आला होता आणि मी तो पानभर लिहिला होता. कोठडीतल्या माणसाला कोर्टात जाण्याआधी बाहेरचं एकच माणूस भेटतं, ज्याला त्याच्या अंगाकडे बघायचा अधिकार असतो. ते माणूस म्हणजे मी.

प्रत्यक्षात काय व्हायचं ते सांगते. आमच्या भागातले एक हवालदार नेहमी मेडिकलला यायचे. पन्नाशीचे, मऊ बोलणारे, कपाळाला बुक्का. कुणावर खेकसताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. आल्यावर आधी माझी चौकशी करायचे, गुडघा कसा आहे म्हणून, मग भावाच्या बागेतल्या द्राक्षांची पिशवी सिस्टरांकडे द्यायचे. रांगेतल्या पेशंटला मी तपासत असतानाच ते टेबलाच्या कोपऱ्यावर फॉर्म ठेवत, ड्रॉवर उघडून शिक्का काढत, शाईच्या पॅडवर दाबून तो फॉर्मवर उमटवत. त्यांचा शिक्का कधी तिरका पडला नाही. मी मान वर करून त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला तीन प्रश्न विचारायची. नाव काय, काही त्रास आहे का, मारहाण झाली का? तिसरा प्रश्न विचारताना हवालदार हातभर अंतरावर असायचे. सगळे नाही म्हणायचे. त्यांच्या जागी मी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं. मग मी सही करायची, आणि दोन्ही प्रती हवालदार घडी घालून खिशात ठेवायचे.

यात मला काही चुकतंय असं वाटायचं नाही. वाटायचं नाही म्हणजे खरोखरच वाटायचं नाही. उगाच आव आणून काय करायचं!

तो गुरुवार होता, मार्चमधला. तोडणी जोरात होती आणि ओपीडीची रांग फाटकापर्यंत गेली होती. हवालदारांनी आणलेला माणूस तिशीचा असेल. पेठकडचा. दरवर्षी हंगामात बायकोला घेऊन द्राक्षाच्या कामाला यायचा. या वर्षी पिंपळगावच्या एका पॅकहाऊसमध्ये क्रेट उचलायला होता. तिथल्या कोल्ड स्टोरेजची तांब्याची केबल चोरीला गेली होती आणि बुधवारी सकाळी त्याला उचललं होतं. ऐन दुपारी त्याच्या अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर होता, त्याच्या मापाचा नसलेला. तो मी पाहिला. पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत होते की गर्दीत माझं लक्ष नव्हतं. पण लक्ष होतं. उन्हाचा स्वेटर कसला घालतो हा, एवढं माझ्या मनात येऊन गेलं होतं.

आमच्या सिस्टर माझ्याहून वयानं मोठ्या आहेत. इंजेक्शन भरता भरता त्या माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, “मॅडम, हा बसत नाहीये. दोनदा स्टूल दिलं.”

“मग उभा राहू दे,” मी म्हणाले.

हे माझेच शब्द. समोर उलटी करणारं एक पोर होतं, त्याची आई रडत होती, आणि माझा चहा गार होऊन गेला होता. कारणं द्यायची तर ही अशी आहेत. हवालदारांनी शिक्का मारला, मी सही केली. तिसरा प्रश्न त्या दिवशी विचारला की नाही हे मला आठवत नाही. तिथूनच त्याला कोर्टात नेलं. त्याच्याकडे चोरीचा माल काही सापडला नव्हता, मुकादम जामीन राहिला, आणि संध्याकाळपर्यंत तो सुटला. यातलं काही मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायचं कारणही नव्हतं.

सोमवारी तो पुन्हा आला. या वेळी रांगेत, केसपेपर काढून, बायकोबरोबर. पोलीस नव्हते. टाचा न टेकवता चवड्यांवर चालत होता. सिस्टरांनी त्याला लगेच ओळखलं आणि मला न विचारताच पडद्यामागे नेऊन पालथं झोपवलं. मग मला हाक मारली. “इकडे या मॅडम, बघून घ्या.”

मी बघितलं. मांड्यांच्या मागे आणि त्यांच्या वर पट्ट्याचे वळ होते, एकाशेजारी एक, काही एकमेकांवरून गेलेले. पाठीवर दोन. दोन्ही तळवे सुजून गुळगुळीत झाले होते. वळ मधे अजून जांभळे होते, पण त्यांच्या कडा हिरवट पडल्या होत्या.

त्या हिरवट कडा बघून मला जे कळलं ते तिथं माझ्याशिवाय कुणाला कळलं नसतं. मुका मार लागला की त्याचा रंग दिवसागणिक बदलतो, पिकत जाणाऱ्या फळासारखा. आधी लाल, मग निळा-जांभळा, मग हिरवा, शेवटी पिवळा होऊन मावळतो. कडा हिरव्या म्हणजे चार-पाच दिवस झाले. म्हणजे बुधवार. म्हणजे गुरुवारी तो माझ्या टेबलापासून चार फुटांवर उभा होता तेव्हा हे सगळं त्या स्वेटरखाली आणि पँटखाली होतं, आणि मी त्याच्या नावावर ताज्या जखमा नाहीत म्हणून सही केली होती.

मी विचारलं, कधीचं? तो उशीत तोंड ठेवूनच बोलला. बुधवारी दिवसभर, म्हणाला. मी विचारलं, कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं असेल ना, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का म्हणून? तो म्हणाला, विचारलं, पण हवालदारांनी आधीच सांगितलं होतं, डॉक्टरांनी काही नाही म्हणून लिहून दिलंय, आता तू काय सांगणार. मग तो नाही म्हणाला. हे सांगताना त्याच्या आवाजात माझ्याविषयी काहीच नव्हतं. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

त्याला फक्त औषध हवं होतं, सूज उतरावी म्हणून. हंगाम संपायच्या आत कामावर जायचं होतं. बोलली ती बायको. तोवर ती पडद्याला धरून उभी होती. “लिवून द्या मॅडम,” ती म्हणाली. “जे जे हाय ते समदं लिवून द्या. कधीचं हाय ते बी लिवा. नायतर म्हनतील, सुटल्यावर कुठं पडला.”

तिला कुणी वकिलानं शिकवलं नव्हतं. तिचं तिला कळलं होतं. सगळं त्या एका गोष्टीवर अडलं होतं, कधीचं.

मी टेबलाशी येऊन रजिस्टर उघडलं. एकेका वळाची लांबी-रुंदी मोजून लिहिली. माणसाच्या आकृतीवर खुणा केल्या. तळव्यांचं लिहिलं. कशानं झाल्या असतील त्या रकान्यात ‘पट्टा किंवा तत्सम’ असं लिहिलं. हे सगळं मी नीट केलं, इतकं नीट की एखाद्या विद्यार्थ्याला नमुना म्हणून दाखवावं. मग शेवटचा रकाना आला, जखमा किती जुन्या आहेत त्याचा. तिथं ‘चार ते पाच दिवस’ लिहिलं की गुरुवारचा माझा कागद खोटा ठरत होता. ‘एक-दोन दिवस’ लिहिलं असतं तर पोलीस सुटले असते आणि मी उघड खोटारडी झाले असते. मी लिहिलं, ‘निश्चित सांगता येत नाही.’ 

पेनची शाई संपत आली होती म्हणून एक अक्षर दोनदा गिरवावं लागलं, तेवढं आठवतं.

प्रत सिस्टरांनी काढली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बायकोच्या हातात दिली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं तो कागद कपाळाला लावला. तो पडद्यामागून चवड्यांवर चालत आला आणि मला हात जोडून म्हणाला, “तुमी लिवलं, लय झालं मॅडम. कुनी लिवत नाय.”

मी पुढच्या पेशंटला बोलावलं.

त्या कागदावरून प्रकरण पुढे हललं. मोफत कायदेशीर मदतीतून त्याला वकील मिळाला, त्यानं कोर्टात तक्रार दिली, आणि कोठडीत मारहाण झाली की नाही याची चौकशी न्यायाधीशांनी सुरू केली. हे मला कळलं ते हवालदारांकडून. ते मेडिकलला येतच होते, तितकेच मऊ, माझ्या गुडघ्याची चौकशी करत. फक्त मी आता फॉर्म स्वतः भरायला लागले होते. पहिल्यांदा त्यांनी सवयीनं ड्रॉवरकडे हात नेला तेव्हा मी म्हणाले, राहू द्या, मी लिहिते. आणि तुम्ही जरा बाहेर थांबा, मी यांना पडद्यामागे नेऊन बघते. ते हसले आणि तुमच्या सोयीनं म्हणाले. जाताना दारात थांबून एवढंच बोलले, “मॅडम, गुरुवारच्या कागदावर सही तुमचीच आहे. माझी नाही. ध्यानात असू द्या म्हणजे झालं.” हे काळजीनं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. बहुतेक त्यांना काळजीच वाटत असावी, स्वतःचीच.

कोर्टाचं समन्स दिवाळीनंतर आलं, बागांची छाटणी उरकत आली होती तेव्हा. साक्षीला यावं, दोन्ही कागदांसंबंधी. ते वाचून मी ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि ओपीडी पूर्ण केली. घरी येऊन जेवले, झोपले, झोपही लागली. माणसाला अशा वेळी झोप लागत नाही असं म्हणतात. मला लागली. मधल्या महिन्यांत माझं काय झालं होतं ते मला नीट सांगता यायचं नाही. त्रास होत नव्हता. दात काढण्याआधी हिरडी बधिर करतात, मग जीभ लावून बघितली तरी ती आपली वाटत नाही, तसं काहीतरी होतं. काम मात्र मी आधीपेक्षा चांगलं करत होते. आलेल्या प्रत्येकाला पडद्यामागे नेत होते, कपडे काढायला लावत होते, पाय बघत होते, प्रत त्याच्या स्वतःच्या हातात देत होते. पोलीस आता माझ्याकडे यायला कंटाळतात, असं सिस्टर सांगायच्या. मला त्याचंही बरं किंवा वाईट वाटायचं नाही.

साक्षीच्या आदल्या दिवशी मी सिस्टरांना सांगितलं, मी खरं ते सांगून टाकणार आहे. गुरुवारी मी त्याला तपासलंच नव्हतं. आणि ते वळ पाच दिवसांचेच होते. त्या हातमोजे मोजत होत्या. मोजणं न थांबवता म्हणाल्या, “सांगा मॅडम. मला बोलावलं तर मीही सांगेन, तो बसत नव्हता म्हणून.” त्यांना कुणी बोलावलं नाही. त्यांचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं.

कोर्टात मी बाहेरच्या बाकावर बसले होते. आत त्याची साक्ष चालली होती. बाकाच्या दुसऱ्या टोकाला हवालदार, साध्या कपड्यांत, पाण्याची बाटली घेऊन. त्यांनी मला पाणी विचारलं, मी नको म्हणाले. मनात मी एकच वाक्य तयार ठेवलं होतं, ‘मी त्याला तपासलं नव्हतं.’ चार शब्दांचं वाक्य. विसरायची भीती नव्हती. तासाभरानं तो बाहेर आला. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. मला पाहून त्यानं मान लववली, ओळखीचं हसला, आणि बायकोकडे निघून गेला. मग माझं नाव पुकारलं.

आधी सोमवारच्या कागदाविषयी विचारलं, एकेक जखम वाचून. मी हो म्हणत गेले. मग पोलिसांचे वकील उठले. हातात त्या माणसाची नुकतीच झालेली साक्ष होती. त्यातलं एक वाक्य ते वाचणार आहेत, म्हणाले, आणि ते बरोबर आहे का तेवढं मी सांगायचं. त्यांनी वाचलं, “गुरुवारी डॉक्टर मॅडमनी मला आतल्या खोलीत नेऊन, कपडे काढायला लावून, नीट तपासलं होतं. त्यांची काही चूक नाही.”

मला आधी वाटलं त्यांनी हे मनानं घातलं आहे. पण न्यायाधीशांनी मान हलवली. ते लिहिलेलंच होतं.

वकिलांना या वाक्याचा काय उपयोग आहे हे मला तिथल्या तिथं कळलं. डॉक्टरनं कपडे काढून नीट तपासलं आणि काही दिसलं नाही, म्हणजे गुरुवारी काही नव्हतंच. म्हणजे जे काही झालं ते जामिनावर सुटल्यानंतर झालं, कुठंतरी, कुणाकडून तरी. आणि सोमवारच्या कागदावर डॉक्टर स्वतःच म्हणतेय, किती जुनं ते निश्चित सांगता येत नाही. त्याला यातलं काही कळलं नव्हतं. त्याच्या दृष्टीनं त्यानं फक्त माझ्यासाठी एक वाक्य जास्तीचं सांगितलं होतं.

“बरोबर आहे का मॅडम?” वकिलांनी विचारलं.

माझे चार शब्द जिभेवरच होते. ते मी बोलले असते तर त्याची शपथेवरची साक्ष खोटी पडली असती, हे एक कारण मी नंतर स्वतःसाठी शोधून काढलं. त्या क्षणी असं काही मनात नव्हतं. त्या क्षणी समोर एक दार उघडलेलं होतं, ते ज्यानं उघडलं त्याचंच नुकसान होणार होतं, आणि मी त्यातून बाहेर पडले.

“हो,” मी म्हणाले. “बरोबर आहे.”

किती जुन्या जखमा, त्यावर कुणी पुढे विचारलंच नाही. विचारायची गरज उरली नव्हती. चौकशी महिनाभरानं बंद झाली. जखमा होत्या हे मान्य, पण त्या कोठडीतच झाल्या असं दिसून येत नाही. निकाल मी वाचला नाही. हवालदारांनीच सांगितला, मेडिकलचा फॉर्म पुढे करता करता.

पण त्या दिवशी हे सगळं अजून व्हायचं होतं. मी कोर्टाच्या पायऱ्या उतरले तेव्हा ते दोघं खाली लिंबाच्या सावलीत थांबले होते. तो पुढे आला. आता टाचा टेकवून चालत होता.

“बरोबर बोललो ना मॅडम?” त्यानं विचारलं. “हवालदार म्हनले व्हते, तू डाक्टरनी तपासलं नाय असं सांगशील तर मॅडमची नोकरी जाईल. म्या म्हनलं, नाय जाऊ द्यायची. एक तुमीच तर लिवलं व्हतं.”

त्याची बायको तिथंच झाडाशी उभी होती. प्लॅस्टिकची ती पिशवी तिच्या हातात होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. दोघांतल्या एकाला तरी कळलं होतं.

त्याला तेव्हाच सांगता आलं असतं. वर कोर्ट उठलेलं नव्हतं, मी परत जाऊन साक्ष बदलते म्हणू शकले असते. त्याचा वकील तिथंच व्हरांड्यात चहा पीत होता. हे सगळं मला दिसत होतं आणि कळत होतं. फक्त आतून काही हलत नव्हतं.

“पाय कसे आहेत आता?” मी विचारलं.

“चांगले हायेत. बसता बी येतं,” तो म्हणाला, आणि मला दाखवायला म्हणून तिथल्याच पायरीवर बसला, मांडी घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. आणि वर माझ्याकडे बघत राहिला, मी आता काय म्हणते म्हणून.

छान, असं मी म्हणाले. मग ओपीडीला उशीर होतोय म्हणून निघाले.